ब्रेक आणि क्लच ‘अपग्रेड’ केल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२५ मध्ये एक मसुदा काढला. १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं करावं, असा तो प्रस्ताव होता. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा. त्याआधी एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एकाच वेळी पुढचं-मागचं चाक धरणारा जोडब्रेक, बंधनकारक झाला होता. या बातम्या वाचल्या की जुनी गाडी वापरणाऱ्याच्या मनात साहजिक प्रश्न येतो: आपल्या गाडीचं काय?

एबीएस नंतर बसवून घेणं व्यवहारात जमत नाही. चाकाचा वेग मोजणारे सेन्सर, ऑईलचा दाब क्षणाक्षणाला कमी-जास्त करणारं युनिट आणि त्याच गाडीच्या वजनाला जुळवलेलं सॉफ्टवेअर असा तो सगळा संच असतो. म्हणून लोक दुकानात मिळणाऱ्या गोष्टींकडे वळतात: ब्रेडेड ब्रेक लाइन, सिंटर्ड पॅड, मोठी डिस्क, जाड मास्टर सिलिंडर, कडक क्लच स्प्रिंग. यातली प्रत्येक वस्तू काहीतरी बदलते हे खरं. पण ‘ब्रेक सुधारतो’ एवढ्या दोन शब्दांच्या आश्वासनावर पैसे देण्याआधी कोणता पार्ट काय बदलतो आणि काय बदलू शकत नाही, हे समजून घेतलेलं बरं. कारण चुकीच्या जोडीने बसवलेला महागडा पार्ट कंपनीच्या साध्या ब्रेकपेक्षा वाईट काम करू शकतो.

शेवटचा शब्द टायरचा

ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात आणि चाक मंदावतं. पण गाडीला प्रत्यक्ष मागे ओढणारं बळ तयार होतं ते टायर आणि रस्ता एकमेकांना टेकतात त्या तळहाताएवढ्या जागेत. तिथली पकड संपली की चाक घसरतं. मग पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर कितीही भारी असो, उपयोग नाही.

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगले टायर आणि सरावाचा हात असेल तर या वेगावरून गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. पावसात तेच अंतर २८ मीटरच्या घरात जातं. यात धोका दिसल्यापासून बोटं लिव्हरवर दाबेपर्यंतचा एखादा सेकंद धरलेला नाही. तो धरला की आणखी १७ मीटर वाढवा.

आता आपल्या गाडीची स्थिती बघू. पुढे डिस्क असलेली आणि ती नीट राखलेली दीडशे सीसीची कोणतीही गाडी पुढचं चाक जॅम करण्याइतकं बळ आजच लावू शकते. म्हणजे टायरच्या पकडीची मर्यादा ब्रेक आधीच गाठतो. त्याहून ताकदवान ब्रेक बसवला तर ते १८ मीटर १२ होणार नाहीत. ब्रेकमधल्या बदलांनी मिळतात त्या गोष्टी वेगळ्या: किती जोर लागतोय याचा बोटांना येणारा अंदाज, लागोपाठ ब्रेक मारले तरी टिकणारी क्षमता, आणि हाताला कमी त्रास. या तिन्ही मोलाच्या आहेत. मात्र गुळगुळीत झालेला किंवा वय झाल्याने कडक पडलेला टायर तसाच ठेवून कॅलिपरवर खर्च करणं मला अजिबात पटत नाही. आधी टायर, मग बाकी सगळं.

“पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते” हे कितपत खरं?

या समजुतीपायी आपल्याकडे कितीतरी लोक आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात, आणि मला वाटतं कोणताही पार्ट बदलण्याआधी ही सवय बदलायला हवी.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं. नेहमीच्या कम्यूटर गाडीची मापं घालून गणित केलं तर जोरदार ब्रेक लावताना एकूण भारापैकी ८० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लवकर घसरतं. नुसत्या मागच्या ब्रेकने साठच्या वेगावरून थांबायचं तर कोरड्या रस्त्यावरही ४५ मीटरहून जास्त अंतर लागतं. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर त्याच्या निम्म्याहून कमी.

पडायला होतं ते पुढचा ब्रेक वापरल्यामुळे नव्हे, तो एकदम खेचल्यामुळे. वजन पुढे यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा लागतो. लिव्हर आधी हलकी दाबायची, पुढचं सस्पेन्शन दबलेलं जाणवलं की जोर वाढवत न्यायचा. वळणात, वाळूवर, सांडलेल्या डिझेलवर हात हलकाच ठेवायचा. हा सराव रिकाम्या मैदानात करता येतो आणि त्याला खर्च नाही.

पाच किलोचा जोर अडीचशे किलो कसा होतो?

हँडलवरच्या लिव्हरमागे ऑईलची छोटी डबी असते, तिच्यात मास्टर सिलिंडर. लिव्हर दाबली की त्यातला दट्ट्या ऑईल ढकलतो. ऑईल दबून लहान होत नाही, त्यामुळे तो दाब पाइपमधून खालच्या कॅलिपरपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि तिथले मोठे दट्टे पॅडना डिस्कवर दाबतात. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. छोट्या दट्ट्यावर थोडा जोर, मोठ्या दट्ट्यावर खूप जोर.

आकडे घालून बघू. बोटांनी ५ किलोचा जोर दिला. लिव्हर स्वतःच पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २५ किलो. हा दट्ट्या १२ मिमी व्यासाचा आणि खाली कॅलिपरमध्ये २८ मिमीचे दोन दट्टे असतील, तर पॅडवर सुमारे २७० किलो जोर पडतो. आता कुणी सांगितलं म्हणून १२ च्या जागी १४ मिमीचा ‘मोठ्या गाडीचा’ मास्टर सिलिंडर बसवला. तोच हात, तोच ५ किलोचा जोर, पण पॅडवर पडणारं बळ सुमारे २०० किलोवर येतं. ब्रेक वाढण्याऐवजी कमी झाला.

अनेकांना हे उलटं वाटतं, म्हणून सायकलचा पंप आठवून बघा. बारीक पंप सहज दाबला जातो, पण हवा थोडीथोडी जाते. जाड पंप एका फटक्यात भरपूर हवा ढकलतो, पण दाबताना अंगातली ताकद काढावी लागते. मास्टर सिलिंडरचं तसंच. जाड सिलिंडर लावल्यावर लिव्हर कडक होते, लगेच अडते, थोडीशीच आत जाते, आणि त्या कडकपणालाच लोक ‘ब्रेक टाइट झाला’ म्हणून खूश होतात. कडक लिव्हर आणि ताकदवान ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅलिपर बदलला तर याच्या उलट घडतं. २८ मिमीऐवजी ३२ मिमीचे दट्टे आले की बळ ३० टक्क्यांनी वाढतं, पण त्यांना सरकवायला ऑईलही ३० टक्के जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ऑईल पुरवताना लिव्हर हँडलच्या जवळ येते. ती हँडलला टेकली की पुढे दाबायला जागाच उरत नाही. म्हणून वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जुळतो का, हे बघितल्याशिवाय यांतलं काहीही एकटं बदलू नये. कंपनीने तो हिशेब गाडी बनवताना केलेला असतो.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना

ब्रेकचं खरं काम वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलणं. गाडी आणि चालक मिळून २२० किलो धरले, तर साठच्या वेगावरून एकदा थांबताना सुमारे ३० किलोज्यूल उष्णता तयार होते. ती सगळी किलोभर वजनाच्या पुढच्या डिस्कने घेतली असं धरलं तर डिस्क साधारण ६० अंशांनी तापते. शंभरच्या वेगावरून थांबलात तर जवळपास १७० अंशांनी. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे विसरायचं नाही. शहरात एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत डिस्कला वारा लागतो आणि ती थंड होते. त्यामुळे शहरात उष्णतेची अडचण सहसा येत नाही.

घाटात येते. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी हजार-बाराशे मीटर खाली येते. त्या २२० किलोंची बाराशे मीटरची ऊर्जा मोजली तर ती साठच्या वेगावरून ऐंशीहून अधिक वेळा थांबण्याइतकी भरते. मागे माणूस आणि सामान असेल तर आणखी जास्त. वारा आणि इंजिन त्यातला मोठा भाग खातात, पण केव्हा? गाडी गिअरमध्ये असेल तर. न्यूट्रलवर टाकून किंवा क्लच दाबून पेट्रोल वाचवत उतरणारा माणूस तो सगळा बोजा दोन ब्रेकवर टाकतो. वरंधा असो की आंबोली, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबा, मग सोडा आणि वारा लागू द्या.

तापलेला ब्रेक दोन प्रकारे दगा देतो, आणि ते ओळखता आले पाहिजेत. लिव्हर नेहमीसारखी कडक लागते, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून त्यांची पकड गेली. लिव्हर स्पंजसारखी मऊ लागते, हँडलपर्यंत येते: ऑईल उकळलं. ऑईल दबत नाही, पण त्याची वाफ दबते, म्हणून बोटांचा जोर वाफ दाबण्यातच संपतो. पहिल्याचा इलाज चांगले पॅड. दुसऱ्याचा इलाज नवं ऑईल.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: ब्रेक ऑईल

इंजिन ऑईल लोक न चुकता बदलतात. ब्रेक ऑईल गाडी विकेपर्यंत तसंच असतं.

हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. रबराच्या पाइपमधून, डबीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत शिरतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे हे लवकर होतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. जुनं डॉट ५.१ हे ताज्या डॉट ४ पेक्षा वाईट, हे या आकड्यांतच दिसतं. म्हणून भारी डब्यापेक्षा वेळेवर बदल महत्त्वाचा. साधारण दोन वर्षांनी, किंवा डबीच्या काचेतून ऑईल चहासारखं दिसू लागलं की बदलावं.

एक सावधगिरी. डॉट ५ हे नाव डॉट ५.१ च्या जवळचं असलं तरी ती वस्तू वेगळी आहे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, आणि एबीएसच्या गाडीत घालू नये. डबीच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच घाला. आणि हे ऑईल टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो.

मग ब्रेडेड लाइन घ्यावी का?

कंपनीचा रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो. पाइप जुना झाला की जास्त फुगतो, आणि बोटांनी दिलेल्या हालचालीचा काही भाग त्या फुगण्यातच जातो. ब्रेडेड लाइनमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टीलच्या तारांची वीण असते, ती फारशी फुगत नाही. लिव्हर नेमकी लागते, किती दाबलं की किती ब्रेक लागतो हे बोटांना स्पष्ट कळतं. जास्तीत जास्त बळ तेवढंच राहतं. ते वापरण्यातला नेमकेपणा वाढतो. जुन्या, तडे गेलेल्या पाइपच्या जागी नवं काही बसवायचंच असेल तर ही माझी पहिली पसंती. नव्या गाडीत फरक जाणवेल, पण फार मोठा नाही.

लांबी बरोबर हवी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं आणि पुढचं सस्पेन्शन पूर्ण वर आलं, तरी लाइन ताणली जाता कामा नये. स्टीलची वीण प्लॅस्टिकला किंवा वायरिंगला घासत राहिली तर करवतीसारखी कापते, म्हणून बाहेरून आवरण असलेली घ्या.

पॅड: सिंटर्ड म्हणजे नेहमीच चांगले नव्हेत

ऑरगॅनिक पॅड तंतू आणि रेझिनचे, मऊ, शांत. डिस्क कमी झिजवतात. पहिल्याच दाबाला पकडतात. पण खूप तापले की पकड सोडतात. सिंटर्ड पॅड धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले. उष्णतेत टिकतात, पावसात ओल्या डिस्कवर चांगले धरतात, जास्त दिवस चालतात. त्या बदल्यात ते डिस्क लवकर खातात आणि कधी किंचाळतात. डिस्क त्या पॅडसाठी बनवलेली नसेल तर नुकसान जास्त. सेमी-मेटॅलिक या दोघांच्या मधले.

रोज ऑफिसला जाणाऱ्या सव्वाशे सीसीच्या गाडीला कंपनीने दिलेले पॅड पुरेसे असतात. घाटात सामान आणि जोडीदारासह फिरणाऱ्याला, भर पावसात कोकणात जाणाऱ्याला सिंटर्डचा फायदा खरोखर जाणवतो. निवड वापरावरून करा, पाकिटावरच्या ‘रेसिंग’ या शब्दावरून करू नका.

मात्र बऱ्याचदा पॅड निर्दोष असतात आणि अडचण दुसरीकडेच असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतात. पावसाळ्यातला चिखल जाऊन त्या पिना अडकतात. मग एका बाजूचा पॅड संपतो, दुसरा तसाच राहतो, ब्रेक सुटत नाही, डिस्क तापते आणि मायलेज पडतं. पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवल्या की ‘गेलेला’ ब्रेक परत येतो. कोणताही महागडा पार्ट घेण्याआधी हे काम करून घ्याच. ड्रम ब्रेक असेल तर तेच काम वेगळ्या रूपात: ड्रम उघडून धूळ पुसणं, कॅमला ग्रीस, झिजलेले लायनर बदलणं. पुसताना हवेचा पाइप मारू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

“मोठी डिस्क तर बळ वाढवते ना?”

वाढवते. २४० मिमीच्या जागी ३०० मिमीची डिस्क आली की पॅड चाकाच्या मध्यापासून लांब घासतात आणि तेवढ्याच जोरात सुमारे पाव पट जास्त परिणाम मिळतो. शिवाय धातू जास्त म्हणजे उष्णता सामावायला जागा जास्त. इथे आक्षेप रास्त आहे. पण मोठ्या डिस्कसाठी कॅलिपर बाहेर सरकवावा लागतो, त्यासाठी ब्रॅकेट लागतो, आणि तो बऱ्याचदा लेथवर बनवून घेतलेला असतो. आणीबाणीत त्या ब्रॅकेटवर आणि दोन बोल्टवर सगळा ताण येतो. त्याचं मटेरियल कोणतं, जाडी किती, बोल्ट कोणत्या दर्जाचे, याचं उत्तर कुणाकडे नसेल तर तो ब्रॅकेट बसवू नका. बारीक फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) असलेल्या गाडीत वाढलेल्या बळाने फोर्कच वाकू लागतो, ही वेगळी गोष्ट.

एबीएस असलेल्या गाडीत आणखी पेच. डिस्कजवळ दातेरी रिंग असते आणि सेन्सर ते दाते मोजून वेग ओळखतो. रिंग, तिचं सेन्सरपासूनचं अंतर किंवा टायरचा आकार बदलला तर मोजणी चुकते आणि यंत्रणा बंद पडते किंवा भलत्या वेळी काम करते. एबीएसच्या गाडीत पॅड, ऑईल आणि त्याच गाडीसाठी बनवलेल्या लाइन यापलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

‘कंपनीचा पार्ट म्हणजे कमी दर्जाचा’ हा समजही सोडायला हवा. इटलीच्या ब्रेम्बोचा लहान-मध्यम गाड्यांसाठीचा बायब्रे हा ब्रँड पुण्याजवळ चाकणला तयार होतो. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स गाडीनिर्मात्यांना ब्रेक आणि क्लच पुरवते. कारखान्यातून गाडीबरोबर येतात ते अनेकदा याच हातांतले पार्ट. गाडी पाच वर्षं वापरल्यावर तोच मूळ संच नव्याने बसवला तर नव्या गाडीसारखा ब्रेक परत मिळतो, आणि पुष्कळांना हवा असतो तो एवढाच.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजा. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरण्यात अर्थ नाही.

आता क्लच: पकडणं आणि सोडणं

मोटरसायकलचा क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या प्लेटांची चवड. एक प्लेट घर्षणाचं अस्तर असलेली, ती इंजिनबरोबर फिरते. पुढची नुसती स्टीलची, ती गिअरबॉक्सला जोडलेली. स्प्रिंगा या चवडीला दाबून धरतात, म्हणून सगळं एकत्र फिरतं. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब उठतो आणि प्लेटा सुट्या होतात. हे सगळं इंजिन ऑईलमध्ये बुडालेलं असतं.

किती ताकद पेलायची हे चार गोष्टी ठरवतात: अस्तराची पकड, स्प्रिंगांचा जोर, प्लेटांचा आकार आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. स्प्रिंगा १५ टक्के कडक घातल्या की क्षमता १५ टक्के वाढते आणि लिव्हरही तेवढीच जड होते. दादर ते ठाणे रोज रहदारीतून जाणाऱ्याच्या मनगटाला ही पंधरा टक्के संध्याकाळपर्यंत चांगलीच कळतात. प्लेट वाढवली, पाचाच्या सहा झाल्या, तर पृष्ठभाग दहाचे बारा होतात आणि हात जड न होता २० टक्के क्षमता मिळते. पण या प्लेटा ज्यात बसतात त्या हाऊसिंगमध्ये तेवढी जागा लागते.

इंजिन कंपनीचं आहे तसंच असेल तर यातलं काहीही लागत नाही. क्लचची क्षमता इंजिनच्या ताकदीपेक्षा मुळातच जास्त ठेवलेली असते.

“पण माझा क्लच खरंच घसरतो”

मग आधी तक्रार ओळखा. वरच्या गिअरमध्ये, चढावर थ्रॉटल उघडला की इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मात्र वाढत नाही: क्लच स्लिप होतोय. उलट, लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर धाडकन पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही: क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्हींचे इलाज विरुद्ध आहेत, आणि नुसतं ‘क्लच खराब आहे’ असं गॅरेजला सांगितलं तर प्लेटांचा अख्खा सेट बदलून मिळतो.

स्लिपची सुरुवात केबलपासून तपासा. लिव्हरला टोकाशी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी चाल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. केबल घट्ट असेल तर क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटाही जळतात. दुसरं, ऑईल. कारचं ऑईल मोटरसायकलमध्ये घालू नये. पेट्रोल वाचावं म्हणून त्यात घर्षण घटवणारी रसायनं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलचा दर्जा) लिहिलेलं बघा. या दोन्ही गोष्टी ठीक असूनही स्लिप होत असेल तर प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजायची. स्प्रिंगा बदलायच्या त्या सगळ्या एकत्र. नव्या घर्षण प्लेटा कोरड्या बसवू नयेत, आधी ऑईलमध्ये भिजत ठेवाव्यात.

क्लच सुटत नसेल तर हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा बघायला सांगा. प्लेटा त्या खाचांत अडकतात. तिथे नव्या प्लेटा घालून काही होत नाही, पण अनेकदा त्याच घातल्या जातात.

लिव्हर जड वाटते म्हणून लोक बारीक, छोट्या, रंगीत लिव्हर घेतात. आखूड लिव्हरला बोटं फिरकीच्या खिळ्याजवळ पडतात, म्हणजे जोर जास्तच लागतो. त्याऐवजी काही शे रुपयांची नवी केबल, नीट वळणाने टाकलेली, टोकांना ग्रीस लावलेली, हात कितीतरी हलका करते. आणि हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरण्याची सवय सुटली तर प्लेटांचं आयुष्य आपोआप वाढतं. चढावर थांबताना ब्रेक धरा.

स्लिपर क्लच कुणासाठी?

वेगात असताना पटकन दोन-तीन गिअर खाली टाकले तर मागचं चाक इंजिनला जबरदस्तीने फिरवू लागतं, टायर उड्या मारतो किंवा घसरतो. स्लिपर क्लचमध्ये उतरत्या कडा असतात. उलटा जोर मर्यादेपलीकडे गेला की त्या प्लेटांना किंचित सुटं करतात. नेहमीचं इंजिन ब्रेकिंग राहतं, झटका तेवढा जातो. त्याच कडांची उलटी रचना पुढे जाताना प्लेटा आवळते, म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलकी होते. नवी गाडी घेताना हे मिळत असेल तर ओल्या घाटात ते फार उपयोगी. दीडशे सीसीच्या जुन्या गाडीत वेगळा आणून बसवण्याइतका उलटा जोर तिच्या इंजिनात नसतो. गिअर एकेक करून टाका, काम होतं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या पॅडच्या जागी पॅड, प्लेटांच्या जागी प्लेटा ही देखभाल आहे. चाक, फोर्क, ब्रेकचा प्रकार बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. वॉरंटी चालू असेल तर तीही धोक्यात येते.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी

ऑईल बदललं असेल तर पाइपमधली सगळी हवा काढली का ते बघा. लिव्हर दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा; ती हळूहळू आत सरकत गेली तर काम परत करून घ्या. डिस्कला ऑईलचा किंवा ग्रीसचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसायला सांगा. नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये अंतर जास्त ठेवा. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत हळूहळू वेग उतरवा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं थंड होऊ द्या. तापलेले पॅड डिस्कवर दाबून उभे राहू नका.

आणि सगळ्यात आधीची गोष्ट: पॅड बदलताना कॅलिपरचे दट्टे मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर रिकामी जाते आणि ब्रेक लागतच नाही. गॅरेजमधून निघण्याआधी, गाडी स्टँडवर असतानाच, लिव्हर आणि पेडल दोन्ही कडक लागेपर्यंत दाबत राहा. मगच गिअर टाका.